एका माणसाला एकच किल्ली

आमच्या वर्तमानपत्राचं नाव 'एल कामालोते'. कामालोते म्हणजे नदीतून वाहत येणारी जलपर्णी. ज्याने कोणी हे नाव ठेवलं, त्याला गावातल्या बातम्यांची चांगली पारख असली पाहिजे. त्याही कुठून तरी वाहत येतात, काठाला लागतात आणि तिथेच कुजतात. मी या वर्तमानपत्राच्या कचेरीत खिडकीवर बसते. छोट्या जाहिराती, निधनवार्ता, वर्गणी हे माझं काम. आणि दुसरं कोणी करायला तयार नाही म्हणून 'शेजारी' नावाच्या आमच्या फोरमची देखभालही माझ्याच गळ्यात. माझं खरं नाव सुषमा, पण सातासमुद्रापलीकडच्या या मर्सेदेस गावात संसार करता करता माझे केस पिकले तरी ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून मी सुसाना.

मार्च संपता संपता 'कामालोते' राजधानीतल्या कुठल्याशा कंपनीने विकत घेतलं, आणि पाठोपाठ मोंतेविदेओहून फर्मान आलं. वर्गणीला एक पासवर्ड, जाहिरातीला दुसरा, फोरमला तिसरा, हे यापुढे चालायचं नाही. एका माणसाचं एकच खातं, त्याला एकच किल्ली, आणि ती किल्ली त्याच्या ओळखपत्राच्या नंबराला बांधलेली. एप्रिलअखेरपर्यंत प्रत्येकाने आपलं जुनं खातं नव्या किल्लीवर आणावं. जो आणणार नाही त्याचं लिखाण पुसलं जाणार नाही, फक्त त्यावर नावाच्या जागी 'माजी सदस्य' असं दिसेल.

जिवंतपणी माजी व्हायला कोण तयार होणार? माझ्या खिडकीपुढे रांग लागली. टॅक्सी चालवणारा वॉशिंग्टन पिरीस पहिला आला. (आमच्याकडे वॉशिंग्टन टॅक्सी चालवतात आणि नेल्सन नळ दुरुस्त करतात. त्याचं कोणाला काही वाटत नाही.)

"मी समोर उभा आहे, तू मला ओळखतेस, माझ्या आईला ओळखतेस," वॉशिंग्टन म्हणाला. "मग ओळखपत्र कशाला?"

"मी ओळखते रे. यंत्र ओळखत नाही."

"मग यंत्राला म्हणावं, ये एकदा स्टँडवर. ओळख करून देतो."

शेवटी त्याने ओळखपत्र दिलं. त्याच्या नावापुढे छोटीशी हिरवी किल्ली उगवली आणि तो ती दिवसभर गिऱ्हाइकांना फोनवर दाखवत फिरला. हळूहळू सगळ्या गावाच्या नावापुढे हिरव्या किल्ल्या दिसायला लागल्या. राहिली दोन नावं. एक इन्स्पेक्टर इरुलेगी, आणि दुसरी खालच्या आळीची मारिया.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत, शाळांचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण तपासणी सुटली नव्हती. बगलेत थर्मास, हातात येर्बाचा, म्हणजे इथल्या कडू पाल्याच्या चहाचा पेला, असे ते रोज सकाळी नदीकाठच्या रस्त्याने निघत आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दुकानदाराला आत जाऊन सांगत. अहो-जाहो सगळ्यांना, कुत्र्यांनासुद्धा. लग्न केलं नाही. दोन वेळा ठरलं होतं, दोन्ही वेळा मोडलं, आणि गाव म्हणतं की एकदा तरी मुलीच्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवल्यामुळे मोडलं. मला हे खोटं वाटत नाही. गाव त्यांना तोंडावर 'दोन होसे' म्हणायचं. हा 'दोन' म्हणजे आपल्याकडच्या 'राव'सारखा मानाचा शब्द, फक्त नावाच्या आधी लागतो. आकड्याशी त्याचा काही संबंध नाही, असं निदान मला तरी तोवर वाटत होतं.

फोरम सुरू झाला तेव्हा त्यावर पहिलं लिखाण दोन होसेंचंच. विषय होता तोर्ता फ्रिता. पावसाळी दिवशी आमच्याकडे घरोघरी या तळतात, गाईच्या चरबीत. मी नवीन होते तेव्हा तिला पुरी म्हणाले होते, तर सासूने आठवडाभर तोंड फिरवलं होतं. तर या तोर्ताच्या मधोमध भोक पाडायची पद्धत आहे, आणि हे भोक किती निरर्थक आहे यावर दोन होसेंनी आठ परिच्छेद लिहिले. कोणी उत्तर दिलं नाही. त्यांनी पूल, नगरपालिका, स्वल्पविराम यांवर लिहिलं. कोणी उत्तर दिलं नाही. मी रोज पाहायचे आणि मला त्यांची कीव यायची, पण आठ परिच्छेद वाचण्याइतकी नव्हे.

आणि मग एक दिवस त्या तोर्तावाल्या लेखाखाली कोणा 'खालच्या आळीची मारिया' हिचं उत्तर आलं. 'इन्स्पेक्टरसाहेबांची भाषा फार सुंदर. भोक नसलं तर तोर्ता मधोमध कच्ची राहते, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. कढईपुढे उभं राहिलं की कळतं. काही माणसंही अशीच कच्ची राहतात, पण ती खावी लागत नाहीत.'

गाव खदखदून हसलं. दोन होसेंनी बारा परिच्छेदांचं प्रत्युत्तर दिलं. मारियाने एका ओळीत त्यांना चितपट केलं. त्या दिवसापासून 'शेजारी' जिवंत झाला. लोक सकाळी उठून आधी मारिया काय म्हणाली ते पाहत आणि मग तोंड धूत.

वर्षं गेली तशी मारिया नुसती भांडखोर राहिली नाही. नदीला पूर आला आणि खालच्या आळीत पाणी शिरलं तेव्हा ती रात्रंदिवस फोरमवर होती. कोणाला कुठे गाद्या मिळतील, कोणाची म्हातारी कुठल्या शाळेत नेऊन ठेवली आहे, सगळं सांगत होती, आणि मधूनच असं काही लिहीत होती की भिजलेली माणसं हसत होती. बेकरीवाली झुल्मा बेंतांकोर हिचा नवरा गेला तेव्हा तिला फुलं शंभर जणांनी पाठवली, पण 'तो घोरायचा तेव्हा तू त्याला लाथ मारायचीस ना, आता त्या जागी उशी ठेव, पाय मोकळा राहू देऊ नकोस' असं फक्त मारियाने लिहिलं. झुल्माने ते छापून घेऊन बेकरीत पावाच्या कपाटावर चिकटवलं. ते अजून तिथे आहे, पिठाने पांढरं झालेलं.

मारियाला कोणी पाहिलेलं नव्हतं. पाय दुखतात म्हणून ती बाहेर पडत नाही, एवढंच माहीत. आणि दोन होसेंना सगळे रोज पाहत होते, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं.

एप्रिल निम्मा सरला आणि मारियाच्या नावापुढे किल्ली उगवेना, तशी झुल्मा माझ्या खिडकीवर आली. हाताला पीठ तसंच.

"सुसाना, तिला जमत नाहीये गं. म्हातारी बाई, एकटी. आपण जाऊन करून देऊ."

"पत्ता कुठे आहे?"

"खालची आळी केवढी ती! दारं वाजवू. आणि हो, इन्स्पेक्टरांना पुढे घालू. इतकी वर्षं भांडलेत, आता समेट करू देत. तिला बरं वाटेल."

"त्यांचीही किल्ली राहिली आहे," मी म्हटलं.

"कोणाची?" झुल्माने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता गेली.

बातमी फोरमवर गेली. दोन होसेंनी ताबडतोब आठ परिच्छेदांत विरोध केला. त्यात व्यक्तीचं खासगी आयुष्य, घराचं पावित्र्य आणि 'समेट' या शब्दाचा चुकीचा वापर हे मुद्दे होते. कोणी वाचलं नाही. मग मारियाने स्वतः लिहिलं, 'पोरांनो, येऊ नका, मला बरं नाही.' झालं. बरं नाही म्हटल्यावर गाव थांबतं होय? दुसऱ्याच दिवशी बिस्कोचोंचा, म्हणजे इथल्या छोट्या खुसखुशीत पावांचा मोठा ट्रे घेऊन झुल्मा, तो ट्रे उचलायला वॉशिंग्टन, यंत्राची जाणकार म्हणून मी, आणि नाही म्हणायला कारण न सापडलेले दोन होसे, अशी वरात खालच्या आळीत निघाली.

खालच्या आळीत मारिया शोधायची म्हणजे काय, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. पहिल्या घरात मारिया एल्बा. दुसऱ्यात मारिया इनेस आणि तिची सून मारिया नोएल. तिसऱ्या घरातून एक मिशाळ कोळी बाहेर आला आणि म्हणाला, "मी आंहेल मारिया. काय काम आहे?" आमच्याकडे हे चालतं. देवाच्या आईचं नाव मुलाच्याही मागे लावतात, कोणी हसत नाही. वॉशिंग्टनने त्याला एक बिस्कोचो दिला आणि आम्ही पुढे गेलो. दोन होसे प्रत्येक दारापाशी टोपी काढत होते आणि दार उघडण्याआधीच घाम पुसत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागतंय.

आळीच्या टोकाला एक वाळकी, चलाख डोळ्यांची म्हातारी उंबऱ्यातच बसली होती. तिने आधी ट्रेकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मारिया?" झुल्माने विचारलं.

"हो तर," ती म्हणाली. "मारिया सेलेस्ते."

"फोरमवरची?"

म्हातारीने पुन्हा एकदा ट्रेकडे पाहिलं. "मीच ती," ती म्हणाली.

झुल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने म्हातारीला मिठी मारली. म्हातारीने मिठीतूनच हात लांब करून ट्रेमधला एक बिस्कोचो उचलला.

"आणि हे कोण, ओळखलं का?" झुल्माने दोन होसेंना पुढे केलं.

"याला कोण ओळखत नाही? शाळेचा साहेब. गाढव आहे नुसता."

आम्ही हसलो. दोन होसे हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि ते टोपी छातीशी धरून म्हणाले, "बाई, माफ करा, पण मारिया 'गाढव' म्हणत नाही."

"मग काय म्हणते?"

"ती शिवी देत नाही. ती आधी कौतुक करते आणि मग सुरी फिरवते. 'साहेबांचे कान लहान आहेत म्हणून लोकांना शंका येत नाही,' असं काहीतरी म्हणाली असती ती. तुम्ही सगळी लयच घालवलीत."

वॉशिंग्टन चावता चावता थांबला. झुल्माने दोन होसेंकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हाला बरंच पाठ आहे की तिचं."

"इतकी वर्षं मार खाल्लाय मॅडम. पाठ होणारच." मग ते म्हातारीकडे वळले. "तोर्ताला भोक हवं की नको?"

"भोक कशाला?" म्हातारी म्हणाली. "पीठ वाया."

"बघा," दोन होसे म्हणाले. आयुष्यभर स्वतः हेच म्हणत आलेला माणूस तो, आणि या उत्तराने त्याला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. "ही मारिया नव्हे."

ट्रे मात्र मारिया सेलेस्तेकडेच राहिला. परत येताना झुल्मा हिरमुसली होती. पुलापाशी ती दोन होसेंना म्हणाली, "तुमचं तिच्यावर प्रेमच आहे, दोन होसे. उगाच भांडता." त्या दिवशी वाटेतल्या पाट्याही त्यांनी तपासल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं गाव दारं लावून झोपलेलं असतं त्या वेळी, ते माझ्या खिडकीवर आले. थर्मास खाली ठेवला, तो पडला, उचलला, पुन्हा ठेवला.

"सुसाना, एका माणसाची दोन खाती असतील तर?"

"तर एक निवडायचं, दोन होसे. दुसरं माजी."

"दोन्ही आणता येत नाहीत?"

"ओळखपत्र एक, किल्ली एक. कोणाची आहेत दोन खाती?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कालचा लाल चेहरा, ती लय, तो घाम, सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. मला हसू आवरेना. त्यांना ते दिसलं आणि ते एवढेसे झाले, म्हणून मग मी आवरलं.

"का केलंत हो असं?"

"कोणी उत्तर देत नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, एकाने तरी विरोध करावा. विरोध केला की लोक वाचतात. एकदाच लिहिणार होतो. पण ती... तिला सुचतच गेलं."

"तिला?"

"मला असं सुचत नाही, सुसाना. मी टेबलाशी बसलो की परिच्छेद येतात. ती बसली की ओळ येते."

मी म्हटलं, एवढंच असेल तर कोणाचं तरी ओळखपत्र मागून घ्या. माझ्या नणंदेचं देते. तिला फोरममधलं ओ की ठो कळत नाही.

ते ताठ झाले. "दुसऱ्याच्या ओळखपत्रावर? मी सरकारी इन्स्पेक्टर होतो."

"आणि इतकी वर्षं जे केलंत ते?"

"ते साहित्य होतं," दोन होसे म्हणाले.

मी त्यांचं ओळखपत्र हातात घेतलं. नव्या नियमात आणखी एक मेख होती. फोरमवर दिसणारं नाव ओळखपत्रातल्या नावांपैकीच एखादं असलं पाहिजे, टोपणनावं बंद. मी हे त्यांना सांगणार, तेवढ्यात कार्डावरचं पूर्ण नाव वाचलं आणि थांबले. होसे मारिया इरुलेगी. यंत्रात नंबर घातला तर यंत्राने नम्रपणे विचारलं की सदस्याला काय म्हणून दिसायचं आहे, होसे की मारिया. खाली दोन गोल होते. यंत्राला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"होसेच," ते म्हणाले. "अर्थात होसे. पुलावरचे लेख आहेत. स्वल्पविरामाची मालिका आहे. या गावाचा एक प्रकारे इतिहास आहे तो."

"बरं," मी म्हटलं आणि बोट पुढे नेलं.

"पण वाचतं कोण ते," ते म्हणाले, आणि मी चमकले, कारण आवाज त्यांचाच होता, बोलणं मात्र त्यांचं नव्हतं. "पुराच्या वेळी स्वल्पविराम कोणाला हवा होता? झुल्माच्या कपाटावर काय चिकटवलंय, जाऊन बघा. आठ परिच्छेद चिकटवायला कपाट पुरलं नसतं, साहेब."

त्यानंतर ते बराच वेळ स्वतःशीच पुटपुटत बसले. कधी एक बाजू, कधी दुसरी. मी येर्बा ओतून दिला, त्यांनी घेतला, पेला परत दिला, पुन्हा घेतला. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच हात लांब केला आणि 'मारिया'च्या गोलावर बोट ठेवलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. माणूस आपलं नाव आपल्या हाताने पुसतोय आणि मी त्याला येर्बा पाजतेय.

"कोणीतरी विचारेलच," टोपी घालताना ते म्हणाले. "इन्स्पेक्टर कुठे गेले म्हणून. तेव्हा सांगा की प्रकृतीच्या कारणाने."

मारियाच्या नावापुढे हिरवी किल्ली उगवली आणि गावाने जल्लोष केला. झुल्माने बेकरीत येईल त्याला तोर्ता वाटल्या, भोकाच्या. वॉशिंग्टनने संध्याकाळभर हॉर्न वाजवला. महिना संपला. होसे इरुलेगींच्या सगळ्या लेखांवर, पुलापासून स्वल्पविरामापर्यंत, 'माजी सदस्य' असं आलं.

ते रोज खिडकीवर यायला लागले. कधी एका शब्दाच्या जाहिरातीला किती पैसे लागतात ते विचारायला, कधी कालच्या अंकातली चूक दाखवायला. जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारायचे, "कोणी काही म्हणालं?"

"अजून नाही, दोन होसे."

"लोक कामात असतात."

"असतात."

मे महिनाही असाच जायला लागला. मी खोटं सांगू शकले असते, की अमक्याने विचारलं, तमका हळहळला. पण त्यांनी तो अमका कोण ते विचारून, त्याच्या घरी जाऊन, आभार मानून त्याची भाषा तपासली असती. मग एक दिवस मारियालाच राहवलं नाही. तिने लिहिलं, 'तो आठ परिच्छेदांचा माणूस कुठे गेला? मला भांडायला कोणी उरलं नाही.'

उत्तरं भराभर आली. एकाने लिहिलं, सुटलो. एकाने लिहिलं, कोण, तो स्वल्पविरामवाला? झुल्माने लिहिलं, 'सोड गं मारिया, तुला आता शांतता मिळाली.' हे सगळं दोन होसे घरी एकटे बसून वाचत असणार, हे मला कचेरीत बसून दिसत होतं, आणि मला झुल्माला जाऊन हलवावंसं वाटत होतं.

मारिया भडकली. तिने त्याच्या बाजूने लिहिलं. त्याने किती वाचलंय, तो किती एकटा आहे, शाळांच्या भिंतींना ओल आली तर तो स्वतः वरच्यांशी कसा भांडायचा. लिहिता लिहिता आठ परिच्छेद झाले. गावाने पाहिलं आणि आपापसांत म्हटलं, नव्या किल्लीने मारिया बिघडली. कोणी उत्तर दिलं नाही. फक्त वॉशिंग्टनने, तो मनाने साधा आहे, लिहिलं, 'बाई, एवढा आवडतो तर जाऊन भेटा त्याला. रोदो रस्ता, पिवळं दार. मी न्यायला येतो, पैसे नकोत. आम्ही कोणी त्याच्या घरी कधी गेलो नाही, पण तुम्हाला तो हाकलणार नाही.'

थोड्या वेळाने मारियाचं उत्तर दिसलं. 'रविवारी जाईन. माझी मी.'

मी फोन लावला. "हे काय लिहून बसलात?"

"मी नाही," दोन होसे म्हणाले. "तिने लिहिलं."

रविवारी दुपारी सगळ्या गावाला रोदो रस्त्यावरच काम निघालं. झुल्मा ट्रे घेऊन आली, वॉशिंग्टन आला, मीही गेले, कारण त्यांना एकट्याला गावाच्या तोंडी देणं मला बरं दिसेना. पिवळं दार दोन होसेंनीच उघडलं. कोट घातला होता, केस ओले करून बसवले होते.

"आली का?" झुल्माने कुजबुजत विचारलं.

"येऊन गेली," दोन होसे म्हणाले. "आताच. मागच्या दाराने. तिला गर्दी नको होती."

झुल्मा आत शिरली. आम्ही मागोमाग. टेबलावर इस्त्री केलेलं कापड, त्यावर थर्मास. पुस्तकं भिंतभर. आणि टेबलाशी एक खुर्ची. मी सगळीकडे पाहिलं, दुसरी कुठे नव्हती, ना स्वयंपाकघरात, ना अंगणात.

"म्हणजे बाई उभ्याच होत्या?" वॉशिंग्टनने विचारलं.

"ती बसली होती," दोन होसे म्हणाले. "मी उभा होतो."

झुल्माने त्या खुर्चीकडे पाहिलं. मग अंगणाकडे उघडणाऱ्या मागच्या दाराकडे गेली. त्याची कडी गंजून चौकटीला चिकटली होती. तिने हात लावून पाहिला, बोटांचा गंज एप्रनला पुसला आणि माझ्याकडे वळली. मी पुस्तकांची नावं वाचायला लागले. झुल्माचं तोंड वाकडं झालं, वाटलं आता ही रडते की ओरडते. पण तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "दोन होसे, येर्बा भरा. तिला सांगा, पुढच्या रविवारीही आम्ही येतोय. आणि माझ्या कपाटावर ते आहे ना, तिने लिहिलेलं... त्याबद्दल मी तिला कधी काही म्हटलं नाही. तेही सांगा."

"सांगतो," ते म्हणाले.

आम्ही भिंतीला टेकून, पुस्तकांच्या ढिगांवर, उंबऱ्यावर बसून येर्बा प्यालो. पेला एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. दोन होसेंनी वॉशिंग्टनच्या बोलण्यातली एक चूक दुरुस्त केली. वॉशिंग्टन "बरं" म्हणाला.

संध्याकाळी मारियाने लिहिलं, 'भेटले. माणूस वाईट नाही. घरात बसायला जागा नाही, एवढंच.' बुधवारपर्यंत वॉशिंग्टनने टॅक्सीच्या टपावरून चार घरच्या चार खुर्च्या रोदो रस्त्याला नेऊन टाकल्या. मारियाने फोरमवर चौघांचेही आभार मानले, प्रत्येकाला एक एक ओळ. गाव खूश झालं.

गुरुवारी दोन होसे खिडकीवर आले.

"सुसाना, त्या खुर्च्या पाहिल्यात? एक बुटकी आहे. एक डुगडुगते. रंग तर विचारू नका. कोणाच्या तरी माळ्यावरचा कचरा माझ्या घरात आणून टाकलाय."

"मग लिहा ना तसं."

त्यांनी थर्मास उचलून बगलेत मारला.

"कसं लिहू?" ते म्हणाले. "मारियाला आवडल्यात."